जुनी चोपडी पुन्हा उघडताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एका वरवर रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. विषय आहे सहकारी संस्थांच्या प्राप्तिकराचा. त्यातही एका नेमक्या प्रश्नाचा. एखाद्या वर्षाची करआकारणी पूर्ण झाली, अधिकाऱ्याने आदेश दिला, संस्थेने तो फायलीत लावून ठेवला. त्यानंतर तीन-चार वर्षांनी तेच वर्ष पुन्हा उघडण्याचा अधिकार प्राप्तिकर खात्याला आहे का? असेल तर किती, आणि कुठपर्यंत?

हा प्रश्न मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांचा आहे, आपला नाही, असे कोणाला वाटेल. पण कोसबाडच्या टेकडीवर उभे राहून खाली पाहिले, तर दिसणाऱ्या प्रत्येक गावाचा या प्रश्नाशी संबंध आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, आदिवासी सहकारी संस्था आहेत, मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, पतसंस्था आहेत. बोर्डी-घोलवडचा चिकू तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसला. शेतमाल असो, मासळी असो की भातासाठीचे पीककर्ज असो, माणूस एकटा बाजारात उतरला की नागवला जातो आणि चौघे एकत्र आले की टिकतो, हा या भागाचा अनुभव आहे.

कोसबाड म्हटले की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. आदिवासी मुलांची शाळा त्यांनी इथे रुजवली. पण शाळेच्या आधीही या भागातल्या माणसाला एक अक्षर माहीत होते, ते म्हणजे सावकाराच्या चोपडीतले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जन्मभर धन्याच्या घरी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्या वेठीविरुद्ध उठाव केला. त्या चोपडीचे वैशिष्ट्य काय होते? कर्ज किती हे तर अन्यायाचे होतेच, पण खरे दुःख हे की ते खाते कधी मिटतच नसे. फेडले तरी जुने पान उलटून नवा आकडा निघे. अंगठा उठवणाऱ्याला विचारण्याची सोय नव्हती.

सरकारचा कर आणि सावकाराची चोपडी यांची बरोबरी मी करत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. पण हिशेब कधीतरी मिटला पाहिजे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे या भागाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या कायद्यानेही ती मानलेली आहे. परशुराम पॉटरी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या संदर्भात हेच सांगितले, की वादाला कुठेतरी अखेर असली पाहिजे आणि ठरावीक काळ लोटल्यावर शिळे प्रश्न पुन्हा जागे करू नयेत. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा तो निकाल आजही वकील मंडळी आधाराला घेतात.

सवलत कसली आणि कोणाला?

आधी सवलतीचे पाहू. १९६१ सालच्या प्राप्तिकर कायद्यात सहकारी संस्थांसाठी ८०-पी हे कलम आहे. १ एप्रिल १९६८ पासून ते लागू झाले. सभासदांना कर्जपुरवठा करणारी संस्था, सभासदांनी पिकवलेला शेतमाल विकणारी संस्था, सभासदांसाठी बियाणे, अवजारे, जनावरे आणणारी संस्था, मासेमारी करणारी संस्था, सभासदांचे श्रम एकत्रितपणे कामाला लावणारी संस्था, अशांच्या त्या त्या कामातल्या उत्पन्नावर पूर्ण वजावट मिळते. एका सहकारी संस्थेने दुसऱ्या सहकारी संस्थेत पैसे गुंतवले तर त्यावरचे व्याज आणि लाभांशही वजा होतो.

श्रमांच्या संस्थांबद्दल दोन शब्द जास्त सांगितले पाहिजेत, कारण जुन्या ठाणे जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४७ च्या सुमारास इथे जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. जंगलातला कूप तोडण्याचे काम ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला मिळावे, ही कल्पना. प्राप्तिकर कायद्याने या प्रकारच्या संस्थांना वजावट दिली, पण अटही घातली. मताचा अधिकार फक्त श्रम करणारे सभासद, कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था आणि राज्य सरकार यांनाच असला पाहिजे. म्हणजे पोटनियमात मताचा अधिकार आणखी कोणाला दिला असेल, तर वजावट धोक्यात येते. पोटनियमाचे एक वाक्य किती महागात पडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

आता या वजावटी वाचायला सोप्या वाटतात, पण प्रत्यक्षात प्रत्येक शब्दावर भांडणे झाली आहेत. एक उदाहरण तर आपल्या प्रत्येक सोसायटीला लागू पडते. सोसायटी आपला राखीव निधी आणि हातातली शिल्लक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ठेवते. त्यावर व्याज मिळते. ते व्याज वजावटीला पात्र आहे की नाही?

कर्नाटकातल्या सिरसी गावी सुपारी उत्पादकांची तोटगार्स ही जुनी सहकारी विक्री संस्था आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणात सांगितले, की सभासदांना द्यायची रक्कम तात्पुरती हाताशी ठेवून बाहेर गुंतवली आणि व्याज मिळवले, तर ते व्याज धंद्याचे उत्पन्न नव्हे. ते इतर उत्पन्नात धरून त्यावर कर लागेल. झाले, देशभरच्या सोसायट्यांना नोटिसा सुरू झाल्या. मग प्रश्न आला, की पैसे सहकारी बँकेतच ठेवले असतील तर? सहकारी बँक ही तर सहकारी संस्थाच. २०१७ च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने याच संस्थेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने याच संस्थेच्या विरुद्ध. न्यायाधीशांची जिथे दोन मते पडतात, तिथे सोसायटीच्या गटसचिवाने काय समजावे?

मला नेमके इथेच यायचे होते. जिथे दोन मते होऊ शकतात, तिथे अधिकाऱ्याने आधी एक मत घेऊन वजावट दिली असेल, तर नंतर दुसऱ्या अधिकाऱ्याला दुसरे मत पटले म्हणून जुना आदेश फिरवता येतो का?

तीन दरवाजे

कायद्याने खात्याला मागे जाण्यासाठी मुख्यतः तीन दरवाजे ठेवले आहेत. प्रत्येकाला वेगळे कुलूप आहे.

पहिला दरवाजा दुरुस्तीचा, कलम १५४. आदेशात उघड दिसणारी चूक असेल तर ती दुरुस्त करता येते. चूक कागदावर स्वच्छ दिसली पाहिजे. उदाहरण देतो. ग्राहक सहकारी संस्थेला काही किरकोळ उत्पन्नावर एक लाख रुपयांपर्यंत वजावट आहे, इतर संस्थांना पन्नास हजारांपर्यंत. समजा, विविध कार्यकारी सोसायटीला चुकून एक लाख दिले गेले. ही उघड चूक. बेरीज चुकली, शून्य जास्त पडले, हीही उघड चूक. पण ज्या मुद्द्यासाठी दोन वकिलांना तासभर वाद घालावा लागेल, तो मुद्दा या दरवाजातून आत येत नाही. १९७१ साली मुंबईच्या व्होल्कार्ट ब्रदर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कायमचे स्पष्ट केले. लांबलचक युक्तिवाद करून सिद्ध करावी लागणारी चूक ही उघड चूक नव्हे.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाचा किंवा आपल्या उच्च न्यायालयाचा बंधनकारक निकाल विचारात न घेता आदेश झाला असेल, तर ती उघड चूक ठरू शकते. २००८ साली सौराष्ट्र-कच्छ शेअर बाजाराच्या प्रकरणात तसे ठरले. म्हणून वरच्या न्यायालयाचा निकाल आला की त्याचा परिणाम मागच्या वर्षांवरही होऊ शकतो. मात्र तो निकाल आपल्या वस्तुस्थितीला जसाच्या तसा लागू पडतो का, हाच जर वादाचा मुद्दा असेल, तर पुन्हा पहिला नियम येतो. वाद आला की दुरुस्तीचा दरवाजा बंद. या दरवाजाची मुदत आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यापासून चार वर्षे. आणि दुरुस्तीमुळे कर वाढणार असेल तर आधी नोटीस देऊन संस्थेचे म्हणणे ऐकावेच लागते.

दुसरा दरवाजा फेरआकारणीचा, कलमे १४७ आणि १४८. काही उत्पन्न आकारणीतून निसटले असेल, तर वर्ष पुन्हा उघडता येते. हा दरवाजा सर्वांत मोठा, म्हणून त्याची कुलपेही जास्त. २०१० साली केल्व्हिनेटर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फेरआकारणी म्हणजे पुनर्विचार नव्हे. त्याच कागदांवर नुसते मत बदलले म्हणून वर्ष उघडता येणार नाही. हाती काहीतरी ठोस नवे आले पाहिजे. त्याआधी २००२ साली दुसऱ्या एका निकालात ठरले, की करदात्याने मागितल्यावर खात्याने कारणे दिली पाहिजेत आणि त्यावरच्या हरकतींचा लेखी निवाडा केला पाहिजे. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्थान लीव्हरच्या खटल्यात आणखी एक पाचर मारली. अधिकाऱ्याने कारणे जशी लिहिली तशीच ती वाचायची. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून जुनी नोटीस तगवता येणार नाही.

२०२१ साली हा सगळा भाग कायद्यातच नव्याने लिहिला गेला. आता कलम १४८-अ प्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस येते, तिच्यासोबत खात्याकडची माहिती दिली जाते, उत्तर ऐकले जाते आणि वरिष्ठांच्या मंजुरीनेच पुढे जाता येते. मात्र २०२२ च्या दुरुस्तीने लेखापरीक्षणातली हरकत हीसुद्धा 'माहिती' समजली जाते. त्यामुळे खात्याला हे दार ढकलणे पूर्वीपेक्षा काहीसे सोपे झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मुदतीची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९६१ साली कायदा झाला तेव्हा मोठ्या रकमांसाठी सोळा वर्षे मागे जाता येत असे. २००१ साली ही मुदत चार आणि सहा वर्षांवर आली. २०२१ साली तीन वर्षे, आणि पन्नास लाखांच्या वरच्या प्रकरणांत दहा वर्षे अशी झाली. १ सप्टेंबर २०२४ पासून सर्वसाधारण प्रकरणांत आकारणी वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिने आणि निसटलेले उत्पन्न पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षे तीन महिने अशी आहे. सोळा वर्षांवरून सव्वापाचावर. कायदाही हळूहळू शिकतो, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा दरवाजा पुनरीक्षणाचा, कलम २६३. हा आयुक्तांच्या हातात आहे. खालच्या अधिकाऱ्याचा आदेश चुकीचा असेल आणि त्यामुळे महसुलाचे नुकसान होत असेल, तर आयुक्त तो रद्द करू शकतात किंवा बदलू शकतात. 'आणि' हा शब्द महत्त्वाचा. २००० साली मलबार इंडस्ट्रियल कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. महसूल कमी झाला एवढ्याने भागत नाही. कायद्याला धरून दोन मते शक्य असतील आणि अधिकाऱ्याने त्यातले एक घेतले असेल, तर तो आदेश चुकीचा ठरत नाही. पण २०१५ साली या कलमात एक स्पष्टीकरण आले. आवश्यक ती चौकशी न करताच आदेश दिला असेल, तर तो चुकीचाच समजला जाईल. या दरवाजाची मुदत आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षे.

एक सोसायटी, एक वर्ष

आता हे सगळे एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, तलासरीजवळच्या एका सोसायटीचे २०२१-२२ सालचे हिशेब. म्हणजे आकारणी वर्ष २०२२-२३. जिल्हा बँकेच्या ठेवीवर व्याज मिळाले सहा लाख. अधिकाऱ्याने तपासणी केली, व्याजाबद्दल प्रश्न विचारला, सोसायटीने उत्तर दिले आणि मार्च २०२४ मध्ये वजावट मान्य करून आदेश झाला.

दुरुस्तीची मुदत ३१ मार्च २०२८. पण व्याजाचा मुद्दा वादाचा, म्हणून तो दुरुस्तीत बसत नाही. पुनरीक्षणाची मुदत ३१ मार्च २०२६. पण चौकशी झालेली आहे, घेतलेले मत शक्य कोटीतले आहे, म्हणून सोसायटीची बाजू भक्कम. फेरआकारणीची मुदत, रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने, ३० जून २०२६. आणि तिथेही नवे काही हाती नसेल तर निव्वळ मतबदल चालणार नाही, असे सोसायटी म्हणू शकते.

किती सुरेख, असे वाटेल. पण या उदाहरणातला एक धागा काढून पाहा. समजा, अधिकाऱ्याने तपासणी केलीच नाही. विवरणपत्र भरले, बंगळूरच्या केंद्रात संगणकाने ते पाहिले आणि सूचनापत्र पाठवले. आपल्या बहुतेक लहान संस्थांचे असेच होते. अशा वेळी अधिकाऱ्याने कोणतेच मत बनवलेले नसते. मग बदलणार काय? २००७ साली राजेश झवेरी स्टॉक ब्रोकर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. म्हणजे मतबदलाची ढाल ज्याची कसून तपासणी झाली त्याला मिळते आणि ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही त्याला मिळत नाही. लहान सोसायटीच्या हाती मग दोनच गोष्टी राहतात, एक मुदत आणि दुसरी आपले दप्तर.

म्हणून दप्तराबद्दल चार गोष्टी सांगतो. आदेशाबरोबरच अधिकाऱ्याची प्रश्नावली, आपले उत्तर आणि जोडलेले कागद यांची प्रत जपून ठेवावी. चौकशी झाली होती हे सिद्ध करणारा तोच पुरावा. किर्द-खतावणी आणि इतिवृत्त सचिव बदलला की बदलत नाहीत, याची खात्री करावी. अनेक ठिकाणी जुना सचिव निवृत्त झाला, की जुने कपाटही त्याच्याबरोबर निवृत्त होते. तिसरी गोष्ट, नोटिसा आता खात्याच्या संकेतस्थळावर आणि ई-मेलवर येतात. तो ई-मेल पत्ता चार वर्षांपूर्वीच्या सल्लागाराचा तर नाही ना, हे आजच पाहावे. पोस्टमनची वाट पाहत बसलेल्या संस्थेविरुद्ध एकतर्फी आदेश होतो आणि बँक खाते गोठल्यावर ते कळते. ऐन खरिपात खाते गोठले, तर भाताचे बियाणे आणि खत आणायचे कशाने? तिथे कलमांचा वाद उरत नाही, सभासदाच्या चुलीचा प्रश्न होतो. आणि चौथी, आदेश विरुद्ध गेला तर अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. अपील केले म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

याच संदर्भात वेळेवर विवरणपत्र भरण्याचेही सांगतो. आकारणी वर्ष २०१८-१९ पासून मुदतीत विवरणपत्र भरले नाही तर ८०-पी ची वजावटच मिळत नाही. लेखापरीक्षण सक्तीचे असलेल्या संस्थांची नेहमीची तारीख ३१ ऑक्टोबर. पण लेखापरीक्षणच लांबले तर सोसायटीने काय करावे? ही अडचण इतकी सार्वत्रिक होती, की २६ जुलै २०२३ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच आकारणी वर्षांसाठी असा विलंब माफ करण्याचे अर्ज ऐकण्याचे अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिले. कारण खरे असेल तर कायदा कान देतो. मात्र अर्ज आपणच करावा लागतो.

मर्यादा अधिकाऱ्याला, संसदेला नव्हे

आता एक गोष्ट थोडी कडू आहे. या सगळ्या मर्यादा अधिकाऱ्यांना आहेत. कायदा करणाऱ्या संसदेचे हात मात्र बरेच मोकळे आहेत. याची दोन उदाहरणे सहकाराच्याच इतिहासात आहेत, एक विरुद्ध आणि एक बाजूने.

पहिले शेतमाल विक्रीचे. 'सभासदांचा शेतमाल' म्हणजे सभासदांनी पिकवलेला, की सभासदांच्या मालकीचा? १९९३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, पिकवलेला. १९९८ साली केरळच्या पणन महासंघाच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले, नाही, मालकीचा असला तरी पुरे. त्यावर संसदेने दुरुस्ती कायदा करून 'सभासदांनी पिकवलेला' असे शब्द घातले आणि ते थेट १ एप्रिल १९६८ पासून लागू केले. तीस वर्षे मागे! नाफेडने ते आव्हान दिले, पण २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. उद्या चिकू उत्पादकांची एखादी संस्था आपल्या सभासदांच्या वाडीतला माल न विकता व्यापाऱ्याकडून घेतलेला माल विकू लागली, तर त्या भागाला ही वजावट मिळणार नाही, याचे मूळ त्या दुरुस्तीत आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राला जास्त जवळचे, साखर कारखान्यांचे. केंद्र सरकार उसाचा किमान वैधानिक दर ठरवत असे. आपले सहकारी कारखाने त्याहून जास्त अंतिम दर देत. प्राप्तिकर खाते म्हणाले, वरची रक्कम म्हणजे उसाची किंमत नव्हे, तो सभासदांना वाटलेला नफा आहे आणि त्यावर कर द्या. कारखाने म्हणाले, ही आमच्या कच्च्या मालाची किंमत आहे. वर्षानुवर्षे मागण्या साचत गेल्या. ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. अंतिम दरातला नफावाटपाचा अंश खर्च म्हणून मिळणार नाही, किमतीचा अंश मिळेल, आणि कोणता अंश किती हे अधिकाऱ्यांनी पुन्हा तपासावे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या चोपड्या पुन्हा टेबलावर!

अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात संसदेने गाठ सोडवली. आकारणी वर्ष २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठी, सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरायचे ठरले. जवळपास दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले. पण अडचण तीच, मुदत! जुन्या आदेशांच्या दुरुस्तीची चार वर्षे केव्हाच उलटली होती. म्हणून कायद्यात कलम १५५ ला नवे पोटकलम जोडून ही चार वर्षे ३१ मार्च २०२३ पासून मोजायची अशी सोय केली. म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंतची खिडकी. २७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने अर्जाची पद्धत ठरवून दिली. मुदतीची भिंत खात्याला अडवते तशी करदात्यालाही अडवते, आणि ती ओलांडायला खास कायदा लागतो, हे यातून दिसते.

हे काही कारखान्यांना जमले, कारण त्यांच्यामागे संख्या होती, संघ होता, राजकीय वजन होते. तलासरीच्या सोसायटीसाठी संसद बसणार नाही. तिला आहे त्या कायद्यातच आपला बचाव शोधावा लागतो.

हिशेब मिटण्याचा अर्थ

मर्यादा म्हणजे माफी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. सहकाराचे नाव लावून बाहेरच्या लोकांच्या ठेवी गोळा करायच्या, बाहेरच्यांनाच कर्जे द्यायची आणि वजावट मात्र सभासदांच्या नावाने मागायची, असे प्रकार झालेले आहेत. २०१७ साली हैदराबादच्या सिटिझन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशा संस्थेला वजावट नाकारली. उलट २०२१ च्या जानेवारीत केरळच्या मावीलायी सेवा सहकारी बँकेच्या निकालात तेच न्यायालय म्हणाले, की ८०-पी हे सहकाराला बळ देण्यासाठीचे कलम आहे आणि ते त्याच दृष्टीने वाचले पाहिजे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. संस्था खरोखर सहकारी असेल तर कायदा तिच्या बाजूने झुकतो, नुसती पाटी सहकारी असेल तर नाही.

२०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा केला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. पण त्या तारखेपूर्वीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्याने चालतील. म्हणून आज सांगितलेले आकडे अजून काही वर्षे उपयोगी पडणार आहेत. सचिवांनी ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले तरी चालेल.

श्रोतेहो, अधिकाऱ्याला चूक सुधारता आली पाहिजे, नाहीतर प्रामाणिक करदात्याच्या खिशातून अप्रामाणिकाचा कर जातो. आणि संस्थेलाही एका दिवशी म्हणता आले पाहिजे, की हे वर्ष संपले. तसे म्हणता आले नाही तर लाभांश वाटायचा कसा, नवे गोदाम बांधायचे कसे, नव्या सभासदाला विश्वासाने आत घ्यायचे कसे? या दोन गरजांमध्ये कायद्याने जी रेघ ओढली आहे, ती आपण आज पाहिली. ती रेघ नोटीस हाती पडल्याबरोबर दाखवता आली पाहिजे. नोटीस आली म्हणून घाबरून पैसे भरू नयेत आणि नोटीस आली म्हणून ती पिंपात टाकूनही देऊ नये. आधी तारीख पाहावी, मग कोणत्या कलमाखाली आली आहे ते पाहावे, मग कारण वाचावे. या तीन गोष्टी वाचता येणारा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असावा. ज्या भागात अंगठ्याच्या जागी सही आणण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली, तिथे एवढी अपेक्षा जास्त नाही.